जुन्या लॅपटॉपला एसएसडी: आधी काय तपासायचं, कोणती घ्यायची, डेटा कसा हलवायचा?

फळा_खडू
८ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ सालचा पंधरा इंची लॅपटॉप आहे. इंटेल कोअर आय-३, तिसरी पिढी (३२१७यू), ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. यू-डायस प्लस या शाळांच्या पोर्टलवरची माहिती, शालार्थवरची पगारबिलं, निकालपत्रकं, मुलांना दाखवायचे व्हिडिओ, सगळं याच्यावर चालतं. सकाळी बटण दाबून परिपाठ आटोपून येतो तेव्हा डेस्कटॉप दिसायला लागलेला असतो, आणि त्यानंतर ब्राउझर उघडायला आणखी वेळ.

टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १००% दिसते. पण तिथेच खाली वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. हे गणित मला कळत नाही. तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवला तर "गुरुजी, याच्यावर खर्च करू नका, नवीन घ्या" म्हणाले. नवीन घेणं यंदा शक्य नाही. शिवाय स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं ठणठणीत आहे. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, बसवली की जुना लॅपटॉप पळायला लागतो असं ऐकतो. हे कितपत खरं? कोणती घ्यावी, आणि आतला डेटा न गमावता हे कसं करावं? बॅटरी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, हेही सांगून ठेवतो.

मुळामुठा
८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

>> डिस्क १००%, वेग एक-दोन एमबी

गुरुजी, दुखणं नेमकं इथेच आहे. ते १००% म्हणजे डिस्क किती माहिती देतेय हे नव्हे, ती किती वेळ कामात अडकलेली आहे हे. लॅपटॉपमधली नेहमीची हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्याआधी हेड त्या वर्तुळापर्यंत न्यायला दहा-बारा मिलिसेकंद जातात. एक तुकडा वाचायला १७-१८ मिलिसेकंद लागले तर सेकंदाला पन्नास-साठ तुकडेच वाचून होणार. विंडोज सुरू होताना डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेले हजारो छोटे तुकडे मागते, त्यातले पुष्कळ ४ केबीचे. साठ गुणिले चार, २४० केबी. किराणा यादीतला एकेक जिन्नस आणायला दरवेळी घरून बाजारात जाऊन यावं तसं हे चाललेलं असतं. मधूनमधून सलग वाचन होतं म्हणून तुम्हाला एक-दोन एमबी तरी दिसतात. हीच डिस्क एकच मोठा व्हिडिओ कॉपी करताना १०० एमबीच्या आसपास जाईल.

एसएसडीत फिरणारं काही नसतं. तुकडा कुठेही असला तरी साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात मिळतो. म्हणून फरक दुपटी-तिपटीचा न राहता शेकडो पटींत जातो, आणि तो तुम्हाला अडवणाऱ्या नेमक्या जागी पडतो. तुमचा प्रोसेसर आजच्या मानाने हळू आहे हे खरं, पण बहुतेक वेळ तो डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

तापीकाठ
८ फेब्रुवारी, रात्री १०:५०

थोडं वेगळं मत मांडतो. तेरा वर्षांचं यंत्र, दोनच कोअर, विंडोज ११ यावर अधिकृतपणे चालणार नाही, कारण त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. उद्या मदरबोर्ड गेला तर टाकलेले पैसे कुठे जाणार? थोडं थांबून, पैसे साठवून कंपन्यांमधून निघालेला आठव्या-नवव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप घ्यावा असं मला वाटतं.

दुरुस्तीघर
९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी नाशिकला लॅपटॉप दुरुस्त करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या जुन्या यंत्रांचं मुख्य काम हेच असतं. तापीकाठ यांचा मुद्दा विंडोजपुरता बरोबर आहे, पैशांपुरता नाही. अडीच इंची साटा (म्हणजे हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडी लॅपटॉपबरोबर मरत नाही. मदरबोर्ड गेला तर ती काढून दुसऱ्या जुन्या लॅपटॉपात किंवा डेस्कटॉपात बसते, तेही नसेल तर यूएसबी केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून चालते. अडकून पडतात ते पैसे रॅमवरचे, कारण डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम नव्या यंत्रांत जात नाही. म्हणून मी एसएसडी नवी आणि रॅम वापरलेली घ्यायला सांगते.

गुरुजी, खरेदीचं नंतर बघू. आज शाळेतून आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवा. वर रंगीत चौकोनात डिस्कची तब्येत दिसेल. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे जे वाचताना ती अडखळतेय आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे ते. शेवटच्या रकान्यात दोन्हीकडे शून्य असेल तर डिस्क फक्त म्हातारी आहे. शून्य नसेल तर इथे लिहा, आणि तोवर डिस्कवर काहीही मोठं काम करू नका. १००% डिस्कचं कारण काही वेळा खराब सेक्टर असतं, आणि मग घाई एसएसडीची नसते, डेटाची असते.

वर्धेकर
९ फेब्रुवारी, दुपारी १:०५

गुरुजी, माझ्या घरी २०१२ चा लॅपटॉप एसएसडी टाकून पोरगी वापरून राहिली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमवर. यूट्यूब, ऑफिसचं काम, मराठी टायपिंग सगळं होते. तुमची शालार्थ-यूडायसची कामं तशीबी ब्राउझरमधलीच आहेत. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहितो.

फळा_खडू
९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

ताई, चालवून बघितला. चौकोन पिवळा आहे. ०५ समोर शून्य आहे, सी५ समोर शेवटी ८ दिसतंय. शाळेचे सगळे फोटो, जुन्या बॅचेसची स्नेहसंमेलनं याच डिस्कवर आहेत.

दुरुस्तीघर
९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

बरं झालं बघितलंत. आठ सेक्टर म्हणजे आजच डिस्क जाईल असं नाही, पण तिच्यावर विश्वास ठेवायचे दिवस संपले. आता क्रम असा ठेवा.

नवीन काहीही इन्स्टॉल करू नका, डिफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं) करू नका, विंडोजची डिस्क तपासणी, म्हणजे चेकडिस्क, तर अजिबात चालवू नका. चेकडिस्क सगळी डिस्क पालथी घालते, आणि आजारी डिस्कला तेवढा ताण पुरतो. एक बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह मिळवा. आधी ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते घ्या: स्नेहसंमेलनाचे फोटो, निकालपत्रकं, तुमची स्वतःची कागदपत्रं. डाउनलोड केलेले व्हिडिओ शेवटी, ते परत मिळतात. फोल्डर एकदम न ओढता छोट्या टप्प्यांत कॉपी करा. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्यापाशी हट्ट करू नका. प्रत झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाच-दहा फोटो उघडून बघा.

आणि तुमच्या बाबतीत क्लोन करायचंच नाही. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर. खराब सेक्टर आला की साधे क्लोनिंग प्रोग्रॅम तिथेच पुन्हापुन्हा डोकं आपटतात. तुम्ही फायली काढून घ्या, एसएसडीवर विंडोज कोरी टाका.

मुळामुठा
९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

ताईंच्या मुद्द्याला जोड. ज्यांची डिस्क याहून वाईट अवस्थेत असेल आणि फायली नीट कॉपी होत नसतील, त्यांच्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अवघड जागा नोंदवून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. मध्येच वीज गेली तरी त्या नोंदीच्या फाइलवरून पुढे सुरू करता येतं. डिस्क टक्-टक् आवाज करत असेल तर मात्र हेही करू नये. बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.

लॅमिंग्टन_लोकल
१० फेब्रुवारी, सकाळी १०:१०

खरेदीबद्दल लिहितो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात माझं येणंजाणं असतं.

गेल्या वर्षीचे भाव डोक्यातून काढून टाका. २०२३ मध्ये एसएसडी खूप स्वस्त झाल्या होत्या. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिप डेटा सेंटरांकडे वळल्या आणि रॅम, एसएसडी दोन्ही महागल्या. मायक्रॉनने तर क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. या फेब्रुवारीअखेरपर्यंत ते माल पाठवणार आहेत. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील असं त्यांनी सांगितलंय, त्यामुळे दुकानात पक्क्या बिलावर क्रूशल मिळाली तर घ्यायला हरकत नाही.

तुमच्या कामाला २४०-२५० जीबी पुरते, पण फोटो-व्हिडिओ आतच ठेवायचे असतील तर ४८०-५०० घ्या. किंगस्टन ए४००, क्रूशल बीएक्स५००, डब्ल्यूडी ग्रीन या परवडणाऱ्या, त्यांच्यात डीरॅम कॅशे (डिस्कची स्वतःची छोटी वेगवान मेमरी) नसते. सॅमसंग ८७० ईव्हो, क्रूशल एमएक्स५०० यांत ती असते, वॉरंटी तीनऐवजी पाच वर्षांची असते आणि डिस्क भरत आली तरी त्या कमी दमतात. २०१३ च्या लॅपटॉपला महागडी घ्यावी का? माझं मत, फरक थोडाच असेल तर घ्यावी, दीडपट असेल तर नको.

आणि एक कळकळीची विनंती. ऑनलाइन दोन टीबी, चार टीबीची एसएसडी कवडीमोल भावात दिसते, ती घेऊ नका. असल्या डब्या उघडल्यावर आत मेमरी कार्ड निघाल्याचे प्रकार जगभर झालेत. डिस्कच्या आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, खोटा आकडा दाखवतं, सुरुवातीला फायली जातात, मग जुन्यावर नव्या लिहिल्या जातात आणि सगळं नासतं. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण जागा भरून परत वाचून बघतो. जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

काजूबाग
१० फेब्रुवारी, दुपारी ४:४५

मी निवृत्त आहे, सिंधुदुर्गात राहतो. एसएसडीवर लिहायला मर्यादा असते, ती लवकर झिजते असं माझा भाचा म्हणतो. मग आपल्यासारख्यांनी ती घ्यावी का?

मुळामुठा
१० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

काका, मर्यादा असते हे खरं. कंपनी ती टीबीडब्ल्यू या आकड्यात देते, म्हणजे वॉरंटीच्या हिशेबात एकूण किती टेराबाइट लिहिता येईल. बीएक्स५०० च्या २४० जीबीला तो आकडा ८० आहे. घरगुती वापरात दिवसाला २० जीबी लिहिलं जातं असं धरू, आणि तेही खूप झालं. ८०,००० भागिले २०, चार हजार दिवस. अकरा वर्षांच्या आसपास. ८७० ईव्हो ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू आहे, त्याचा हिशेब करायचीही गरज नाही. झिजण्यापेक्षा अचानक बंद पडण्याचा धोका जास्त, आणि त्यावर उपाय बॅकअप हाच. हार्डडिस्क बऱ्याचदा आवाज करून, हळू होऊन सूचना देते. एसएसडी काही वेळा एका सकाळी दिसतच नाही, आणि तिच्यातून डेटा परत मिळवणं अवघड असतं.

छापखाना
१० फेब्रुवारी, रात्री ९:१५

या धाग्यात माझाही प्रश्न घालतो. मिरजेत आमचा लहानसा छापखाना आहे. डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं मांडायचं काम अजून विंडोज ७ च्या लॅपटॉपवर पेजमेकर ७ आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या प्रोग्रॅममध्ये होतं. श्रीलिपीला डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) आहे. वडिलांच्या वेळेपासूनच्या पत्रिका, हँडबिलं, देवस्थानांच्या अहवालांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत. युनिकोडमध्ये नवीन कामं करतो, पण जुना ग्राहक "गेल्या वर्षीचंच काढा, तारीख बदला" म्हणतो तेव्हा तीच फाइल लागते. पेजमेकरची सीडी कुठे आहे हे आता कुणालाच माहीत नाही. डिस्क तपासली, निळा चौकोन, ०५ आणि सी५ दोन्ही शून्य. एसएसडी टाकताना हे सगळं जसंच्या तसं हलेल का हो?

दुरुस्तीघर
१० फेब्रुवारी, रात्री १०:००

दादा, तुमच्यासाठी उलटा सल्ला: क्लोनच करा, कोरी विंडोज टाकू नका. गेलेली सीडी, जुने फॉन्ट, प्रिंटरच्या सेटिंगा, सगळं क्लोनमध्ये येतं. डोंगल यूएसबीत असतो, त्याला डिस्क बदलल्याचं काही नसतं. मात्र काही जुने प्रोग्रॅम डिस्कचा नंबर बघून चालतात. त्यासाठी जुनी डिस्क पुसू नका, लेबल लावून सहा महिने कपाटात ठेवा. काही अडलं तर ती परत लावून काम काढता येईल.

साटा ते यूएसबी ३.० अशी केबल मिळते, तिला एसएसडी लावायची आणि क्लोन करायचं. सॅमसंगचा स्वतःचा मोफत प्रोग्रॅम असतो. क्रूशल, किंगस्टन, डब्ल्यूडी आपल्या डिस्कांसाठी ॲक्रॉनिस हा क्लोनिंग प्रोग्रॅम देतात. यातलं विंडोज ७ वर काय चालतं ते कंपनीच्या साइटवर बघून मगच डिस्क निवडा. मॅक्रियम या तशाच प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती २०२४ पासून बंद झाली. क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालतो, त्याला विंडोज कोणती आहे याचं देणंघेणं नसतं, पण मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जाताना तो सहजासहजी ऐकत नाही. तुमची जुनी ५०० ची असेल आणि नवी ४८० ची घेतलीत तर आकड्यात थोडीशीच लहान असूनही अडेल. ५०० लिहिलेली घ्या, तीही जुन्या डिस्कइतकी भरते का ते आधी बघा.

लॅपटॉपला यूएसबी २.० च असेल तर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या वर जात नाही. २०० जीबीला दीड तास किंवा जास्तच धरा. मिरजेत वीज कशी आहे माहीत नाही, पण बॅटरी मेलेली असेल तर हे काम यूपीएसवरच करायचं.

मुळामुठा
१० फेब्रुवारी, रात्री १०:४०

छापखाना, अजून एक बघा. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगांत, साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर एसएसडी चालेल, पण पूर्ण ताकदीने नाही. एएचसीआय हवा. विंडोज ७ आयडीईत टाकलेली असताना नुसता बायोस बदललात तर ती सुरूच होणार नाही. आधी विंडोजच्या रजिस्ट्रीत एएचसीआयचा ड्रायव्हर चालू करायचा, मग बायोस. मोड आधीपासून एएचसीआय असेल तर काहीच करू नका. आणि विंडोज ७ ची अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबली, त्यामुळे हा लॅपटॉप इंटरनेटला न जोडता फक्त डीटीपीला ठेवा. ग्राहकांच्या मेल दुसऱ्या यंत्रावर.

फळा_खडू
११ फेब्रुवारी, रात्री ९:०५

फोटो आणि कागदपत्रं सुखरूप बाहेर निघाली. दोन व्हिडिओ वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडूनही पाहिलं. ताई, तुमचे आभार कसे मानू.

आता खरेदी. दुकानात एम.२ असंही काही दाखवलं. ते जास्त वेगवान असतं म्हणे?

लॅमिंग्टन_लोकल
११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

असतं, पण तुमच्या लॅपटॉपला त्याची जागाच नसणार. तिसऱ्या पिढीच्या काळात काही यंत्रांत एमसाटा नावाचा छोटा स्लॉट असायचा, एम.२ नंतर आलं. तुम्ही अडीच इंची साटाच घ्या. ज्यांचा लॅपटॉप २०१५-१६ नंतरचा आहे त्यांनी मात्र स्लॉट बघून घ्यावा. एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. आत साटा चालतं की एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी), हे मदरबोर्डवर अवलंबून. एम.२ च्या साटा डिस्कला साधारणपणे दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. आकाराने बसली म्हणजे चालेलच असं नाही, म्हणून लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या.

मुळामुठा
११ फेब्रुवारी, रात्री १०:१०

साटा ३ ची कमाल मर्यादा सेकंदाला ६०० एमबी, प्रत्यक्षात ५५० च्या आसपास मिळते. गुरुजींच्या पिढीत ती आहे. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या लॅपटॉपांत साटा २ असतं, तिथे ३०० ची मर्यादा. तरीही कुणी निराश होऊ नका. छोट्या विखुरलेल्या तुकड्यांचं वाचन या मर्यादेपर्यंत क्वचितच पोचतं, त्यामुळे साटा २ वरही रोजचा फरक जवळजवळ पूर्ण मिळतो.

दुरुस्तीघर
१२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

बसवण्याबद्दल. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाईल. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघणारी असावी, त्या काळच्या बहुतेकांची असते. मागे छोटं झाकण असेल तर काम सोपं. पूर्ण तळ उघडावा लागत असेल तर स्क्रू कुठला कुठून निघाला हे कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावत जा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर कीबोर्डच्या बाजूने वर येतो.

हार्डडिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती चौकट एसएसडीला लावायची. तुमची जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल, एसएसडी ७ मिलिमीटरची. काही खोक्यांत प्लॅस्टिकची फ्रेम येते, ती चिकटवा. ती नसेल आणि डिस्क सैल बसत असेल तर हलून कनेक्टर निसटतो, मग "एसएसडी दिसत नाही" म्हणून लोक माझ्याकडे येतात. काही मॉडेलांत डिस्क पातळ रिबन केबलने जोडलेली असते. ती वायर धरून ओढू नका, कनेक्टर धरून अलगद काढा.

उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढा. पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. आणि रॅमवरचं लेबल वाचा. तिथे पीसी३ किंवा पीसी३एल (दोन्ही डीडीआर३ चेच प्रकार) लिहिलेलं असेल. तिसऱ्या पिढीला दोन्ही चालतात, चौथ्या पिढीपासून लॅपटॉपला कमी व्होल्टेजची पीसी३एलच लागते. वापरलेली ४ जीबी मिळाली तर दुसऱ्या स्लॉटात टाका. आठ जीबी झाली की ब्राउझरचे दहा टॅब उघडे ठेवूनही डिस्कला धावावं लागत नाही.

फळा_खडू
१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

पीसी३एलच घेतो, म्हणजे वाद नको. विंडोजची की कुठेच लिहिलेली नाही. कोरी टाकली तर पुन्हा विकत घ्यावी लागेल का?

मुळामुठा
१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

नाही. विंडोज ८ बरोबर आलेल्या लॅपटॉपांत की बायोसमध्येच असते, आणि तुमची विंडोज १० एकदा ॲक्टिव्हेट झालेली आहे, तो परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क बदलल्याने जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, की मागेल तिथे ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि आधी जी आवृत्ती होती, होम किंवा प्रो, तीच टाका. इंटरनेटला जोडलं की ॲक्टिव्हेट होईल.

सुरक्षेसाठी: विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केलात तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट पैसे न भरता मिळतात. अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते.

वर्धेकर
१२ फेब्रुवारी, रात्री ९:००

आणि ऑक्टोबरनंतर? म्हणून म्हणतो गुरुजी, आतापासून मिंटची सवय करा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आतल्या विंडोजला हातबी लागत नाही. त्यावर तुमची पोर्टलं उघडा, प्रिंटर लावा, मराठी टाइप करून बघा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच आहे. एक गोष्ट आधी तपासा: डिजिटल सहीचं यूएसबी टोकन कुठं लागत असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळते का. तेच नडू शकते, बाकी काही नडत नाही.

तापीकाठ
१२ फेब्रुवारी, रात्री ९:३५

डिस्क दुसरीकडे वापरता येते हा मुद्दा मला पटला. घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्याचीही डिस्क तपासतो. टोकनचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्या, मार्चअखेरीस शोधाशोध नको.

फळा_खडू
१५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

झालं! ५०० जीबीची एसएसडी आणि वापरलेली ४ जीबी रॅम, दोन्ही पक्क्या बिलावर. मागचं झाकण सहज निघालं. फ्रेम खोक्यात नव्हती, पण चौकटीचे चारही स्क्रू घट्ट बसले आणि डिस्क हलत नाही. विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झाली. बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप, आणि लगेच ब्राउझर उघडतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बहुतेक वेळ शून्य ते पाच टक्के. प्रोसेसर मात्र व्हिडिओच्या वेळी वर जातो, तो तिथला तिथेच आहे हे कळतं. काल मुलांनी विचारलं, सर, नवीन लॅपटॉप घेतला का?

टोकन मुख्याध्यापकांच्या यंत्रावर असतं, माझ्या यंत्रावर नाही. त्यामुळे मिंट पेनड्राइव्हवर सुट्टीत बघणार. आता एसएसडीला डिफ्रॅग वगैरे करायचं का? आणि जुन्या डिस्कचं काय करू?

दुरुस्तीघर
१५ फेब्रुवारी, दुपारी २:००

गुरुजी, फार छान वाटलं वाचून!

डिफ्रॅग करायचं नाही. विंडोज एसएसडी ओळखते आणि आठवड्यातून एकदा ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी आहे हे एसएसडीला कळवणं) आपोआप करते, ते वेळापत्रक बंद करू नका. डिस्क काठोकाठ भरू नका, दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवा. चौकटीचे स्क्रू घट्ट आहेत तर फ्रेमची गरज नाही.

जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून वापरायचा मोह होईल, तो टाळा. सी५ दाखवणाऱ्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवायची नसते. तिच्यावर विद्यार्थ्यांची नावं, आधार क्रमांक असतील, म्हणून ‘क्विक’ ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. खराब सेक्टरमुळे ते पूर्ण होत नसेल तर तबकडीला ड्रिलने आरपार भोकं पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर अशा संस्थांची यादी असते. भंगारवाल्याला अख्खी देऊ नका.

काजूबाग
१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

मीही घ्यायचं ठरवलंय. माझ्याकडे चाळीस वर्षांचे स्कॅन केलेले फोटो आहेत. ते एका एसएसडीवर घालून कपाटात जपून ठेवले तर दमट हवेतही टिकतील ना?

मुळामुठा
१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

काका, त्यासाठी एसएसडी नको. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, आणि वीज न मिळता तो भार हळूहळू ओसरतो. उद्योगाचं जे प्रमाण आहे, त्यात पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने बंद अवस्थेत, ३० अंशांना, एक वर्ष डेटा धरला पाहिजे एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क बरीच जास्त धरेल, पण कोकणातल्या उन्हाळ्यात कपाटाचं तापमानही जास्त असतं. रोजच्या लॅपटॉपला एसएसडी, आणि फोटोंसाठी दोन साध्या बाहेरच्या हार्डडिस्क, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. दर काही महिन्यांनी लावून फायली उघडून बघा. एक तुमच्याकडे, एक भाच्याकडे.

छापखाना
१६ फेब्रुवारी, रात्री ११:१०

आमचंही झालं. मोड आधीपासून एएचसीआयच होता. जुन्या डिस्कइतक्याच क्षमतेची एसएसडी मिळाली, यूपीएसवर ठेवून क्लोनझिलाने केलं. पेजमेकर उघडला, डोंगल ओळखला, सगळे फॉन्ट जागच्या जागी. वडिलांनी केलेली जुनी पत्रिका उघडून पाहिली, एकही अक्षर हललेलं नाही. जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात ठेवली आहे. वायफाय बंद केलंय. ताई, मुळामुठा, मनापासून आभार. उद्या पुढच्या टेबलावरच्या लॅपटॉपची डिस्क तपासतो, आकडे इथेच टाकेन.